विमान कोणाचे, उतरणार कुठे?

तलासरीत आमच्या घरावरून दिवसभर विमाने जातात. मुंबईहून निघून अहमदाबादकडे किंवा त्याही पुढे उत्तरेला जाणारी. लहानपणी आम्ही अंगणात उभे राहून त्यांना हात करीत असू; आता कोणी मानही वर करीत नाही. पण दोनतीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात माझ्या मामांनी वयाच्या सत्तरीत विमानांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्यापायी मलाही तो करावा लागला. त्यातून जे हाती आले ते आपल्या वाचक बंधुभगिनींच्या कामी येईल असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

मामा डहाणूचे. सारे आयुष्य फुग्यांच्या कारखान्यात गेले. मामी चिकूच्या वाडीत मजुरीला जात. दोघांनी पोटाला चिमटा काढून थोरल्या मुलीला नर्सिंगला घातले. ताई आधी मुंबईच्या इस्पितळात होती, नंतर इंग्लंडला गेली. आता तिचा संसार तिकडेच आहे, पासपोर्टही तिकडचाच. मधल्या सहा वर्षांत तिचे येणे झाले नव्हते. धाकटा नातू तर मामा-मामींनी फोनच्या काचेतच पाहिलेला.

एका रविवारी ताईचा फोन आला. "बाबा, आम्ही चौघे येतोय. पण मुंबईला नाही, गोव्याला. चार्टर विमानाने."

हिशेब साधा होता. चौघांची मुंबईची तिकिटे काढण्यापेक्षा गोव्याचे विमान आणि हॉटेल असे एकत्र घेतले तर कमी पैसे पडत होते. चार दिवस मामांनी गोव्यात यायचे, मग सगळ्यांनी मिळून डहाणूला यायचे, असे ठरले.

मामांनी विचारले, "विमान कुठले? वाटेत कुठे थांबणार? उतरणार किती वाजता?"

"बाबा, कागदावर सहलीच्या कंपनीचे नाव, तारीख आणि नुसते 'गोवा' एवढेच आहे. बाकीचे मागाहून कळवतील म्हणे."

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "अरे, एस.टी.त चढताना आपण पाटी वाचतो. आणि ही पोर चार जीव घेऊन बसणार, तिला गाडी कोणाची तेच ठाऊक नाही?"

मामांचा प्रश्न अडाणी नव्हता. जगातल्या शहाण्यासुरत्या लोकांनीही तो वेळेवर विचारला नाही म्हणून काय काय झाले ते पुढे सांगतो. आधी चार्टर म्हणजे काय ते पाहू.

नेहमीची एस.टी. वेळापत्रकाप्रमाणे सुटते, मग ती भरलेली असो की रिकामी. लग्नाच्या वऱ्हाडासाठी मात्र आपण अख्खी गाडी ठरवतो. चार्टर विमान हे त्या वऱ्हाडाच्या गाडीसारखे. सहलीची कंपनी हंगामासाठी अख्खे विमान किंवा त्यातल्या पुष्कळ जागा ठरवून घेते, त्याला हॉटेल जोडते आणि सगळे मिळून एका किमतीत विकते. विमान भरलेले जाते, म्हणून स्वस्त पडते. पण यात एक गोम आहे. आपण पैसे देतो सहलीच्या कंपनीला. विमान असते दुसऱ्याचे. आणि कधी कधी त्या दुसऱ्यानेही ते तिसऱ्याकडून, वैमानिक आणि नोकरवर्गासकट, भाड्याने आणलेले असते.

शिवाय चार्टर बहुधा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येते. ते चुकले तर 'पुढच्या गाडीने जाऊ' असे म्हणता येत नाही. परतीची तारीखही ठरलेली. तेव्हा माहिती आधी काढणे आलेच.

गोव्याला ही विमाने नवी नाहीत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या काँडोर कंपनीची विमाने पर्यटक घेऊन दाबोळीला उतरू लागली. तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता. गावाच्या विहिरीचे पाणी आणि किनाऱ्याची जमीन पंचतारांकित हॉटेलांना जाणार, मग गोव्याच्या माणसाने काय करायचे, हा त्यांचा सवाल होता. तो अजूनही सुटलेला नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. पुढे ब्रिटनमधून आणि रशियातूनही अशी विमाने मोठ्या संख्येने येऊ लागली.

आता 'विमान कोणाचे' हे का विचारायचे ते सांगतो.

३ जानेवारी २००४ रोजी इजिप्तमधल्या शर्म अल शेख या समुद्रकाठच्या गावाहून एक चार्टर विमान पहाटे निघाले आणि काही मिनिटांतच तांबड्या समुद्रात कोसळले. आतले सर्व १४८ जण गेले. त्यांत बहुतेक सुट्टी घालवून घरी परतणारे फ्रेंच पर्यटक होते. विमान होते फ्लॅश एअरलाइन्स नावाच्या छोट्या इजिप्शियन कंपनीचे. अपघातानंतर उघड झाले की स्वित्झर्लंडने या कंपनीला सुरक्षिततेच्या कारणावरून आपल्या देशात यायला आधीच बंदी केली होती. पण ही गोष्ट फ्रान्समधल्या सामान्य प्रवाशाला कोण सांगणार? त्याने पैसे भरले होते सहलीच्या कंपनीकडे. या अपघातानंतर युरोपात मोठी ओरड झाली आणि २००५ साली कायदा झाला: प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालवणार हे तिकीट विकणाऱ्याने प्रवाशाला सांगितलेच पाहिजे, आणि ऐनवेळी कंपनी बदलली तर तेही सांगितले पाहिजे. धोकादायक कंपन्यांची यादी जाहीर करण्याची पद्धतही याच कायद्याने सुरू झाली.

दुसरी गोष्ट त्याआधीची, ६ फेब्रुवारी १९९६ची. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाता येथून जर्मन पर्यटकांना घरी नेणारे ठरलेले विमान बिघडले. त्याच्या जागी बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचे बोइंग ७५७ आणले गेले. ते बरेच दिवस न उडता उभे होते. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी बाहेरच्या बाजूला असते. ती बहुधा मातीचे घर करणाऱ्या माशीने बुजवली असावी, असे तपासात म्हटले गेले. वेगाचा काटा चुकीचा दाखवू लागला, वैमानिक गोंधळले आणि विमान समुद्रात पडले. १८९ माणसे गेली.

विमान बदलले म्हणजे संकट आले असे कोणी समजू नये. विमाने रोज बदलतात आणि माणसे सुखरूप घरी पोचतात. पण कोणाच्या भरवशावर आपण बसतो आहोत ते माहीत असावे, एवढाच मामांचा आग्रह होता, आणि तो मला पटला.

ताईने मग सहलीच्या कंपनीला फोन केला. काय काय विचारायचे ते मामांनी मला लिहायला लावले आणि मी तिला ते फोनवर वाचून दाखवले. विमान प्रत्यक्षात चालवणारी कंपनी कोणती? उड्डाणाचा क्रमांक काय? विमानाचा प्रकार कोणता? वाटेत थांबा आहे का? उतरण्याच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत काय? आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा कुठल्या देशाच्या घड्याळाच्या?

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हिवाळ्यात भारताचे घड्याळ इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेचार. संध्याकाळी तिकडून सुटलेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी इकडे उतरते. ताईने शुक्रवार म्हटले म्हणून मामा शुक्रवारीच विमानतळावर जाऊन बसणार होते.

पण खरा घोळ निघाला विमानतळाचा. मामांनी गोवा म्हणजे दाबोळी असे गृहीत धरले होते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. वास्कोजवळचा दाबोळी हा नौदलाचा विमानतळ, कित्येक वर्षे गोव्यात तेवढाच होता. त्यामुळे वसई रोडहून मडगावचे रेल्वे आरक्षण करून ते मोकळे झाले होते. पण उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यात मोपा येथे दुसरा विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे वाहतूक सुरू झाली. दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. ताईच्या विमानाचा संकेत जीओएक्स निघाला. मडगावहून मोपा साठ किलोमीटरहून लांब, आणि टॅक्सीचे भाडे ऐकून मामींनी डोक्याला हात लावला. सुदैवाने आमची गाडी मडगावच्या आधी थिवीला थांबत होती. मडगावच्या तिकिटावर अलीकडे उतरायला कोणाची ना नाही. एका अक्षराने केवढे काम केले पाहा.

विमानाचा प्रकार कळला बोइंग ७८७-८, म्हणजे ड्रीमलायनर. कागदावर तो नुसता '७८८' असा येतो. हे कळल्याने थांब्याचा प्रश्नही सुटला. इंग्लंड ते गोवा अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. बोइंग ७५७ सारख्या जुन्या विमानांना एवढा पल्ला एका दमात झेपत नसे, तेव्हा इंधनासाठी वाटेत उतरावे लागे. ड्रीमलायनर तेरा हजार किलोमीटरच्या वर जाऊ शकते. ब्रिटनमध्ये २०१३ साली हे विमान सर्वांत आधी घेतले ते थॉमसन या सहलवाल्यांच्याच विमान कंपनीने.

मात्र प्रकार कळला म्हणजे आराम कळला असे नाही. एअर इंडियाने हेच ७८७-८ घेतले तेव्हा त्यात २५६ जागा बसवल्या. सहलीच्या कंपन्या त्याच विमानात तीनशेच्या आसपास बसवतात. पाय लांब करायला जागा किती, हे ज्याचे गुडघे दुखतात त्याने वेगळे विचारावे.

कंपनीने शेवटी 'विमान बदलण्याचा हक्क राखून ठेवला आहे' हेही ऐकवले. तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारी फ्लाइटरडार२४ सारखी साधने फुकट मिळतात. प्रत्येक मोठे विमान आपली जागा, उंची आणि वेग सतत रेडिओवरून सांगत असते. जमिनीवर ठिकठिकाणी बसवलेली यंत्रे ते ऐकतात आणि नकाशावर ठिपका उमटतो. चार्टर आठवड्याच्या ठरलेल्या वारी येते, म्हणून त्याच क्रमांकाचे गेल्या आठवड्याचे उड्डाण शोधायचे. त्यात विमानाचा प्रकार, ते खरेच किती वाजता उतरले आणि कुठल्या मार्गाने आले, सगळे दिसते. सहल कंपनीच्या शब्दापेक्षा गेल्या शनिवारचा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटला.

क्रमांक टाकून सापडले नाही तर घाबरू नये. तिकिटावरचा क्रमांक आणि वैमानिक रेडिओवर वापरतो ते नाव पुष्कळदा वेगळे असते. आपल्या इंडिगोचेच घ्या: तिकिटावर '६ई', आकाशात 'आयफ्लाय'. अशा वेळी विमानतळाच्या नावाने शोधावे आणि त्या दिवशी उतरलेल्या विमानांची यादी पाहावी.

विमानाच्या अंगावर मोटारीच्या नंबरासारखी अक्षरेही असतात. ब्रिटनच्या विमानांवर जी, थायलंडच्या एचएस, श्रीलंकेच्या ४आर. आपल्या विमानांवर व्हीटी. ही अक्षरे इंग्रजांच्या राज्यात मिळाली आणि स्वातंत्र्यानंतरही तीच राहिली. तिकीट एका देशाच्या कंपनीचे आणि विमानावर अक्षरे दुसऱ्याच देशाची, असे दिसले तर विमान भाड्याचे आहे असे समजावे आणि कोणाचे ते विचारावे.

मार्गाचे मात्र कोणी आधी लिहून देत नाही, कारण तो त्या दिवशीचा वारा आणि जगातली भांडणे पाहून ठरतो. १७ जुलै २०१४ला युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले, २९८ माणसे गेली. फेब्रुवारी २०२२ पासून तर युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंदच झाले. पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत आपल्यावरून जाणारी वाट अडवली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय कंपन्यांना बंदी केली. अशा वेळी विमाने वळसा घालतात, वेळ वाढतो. आम्हाला मागच्या उड्डाणांच्या रेषा दिसल्या त्या युरोपातून तुर्कस्तान, इराक, आखात आणि ओमानवरून अरबी समुद्रात शिरणाऱ्या. मामांनी नातीच्या जुन्या शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने ती रेषा ओढली आणि नकाशा भिंतीला लावला.

आणखी एक गोष्ट पासपोर्टाची. भारतात येणारी अशी विमाने परदेशी पर्यटकांसाठीच असावीत, अशी अट आपल्या सरकारने बरीच वर्षे ठेवली होती. ज्यांची मुले परदेशात आहेत पण पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

आता आपल्या इकडच्या सहलींकडे येऊ. बोधगया, श्रीलंका, थायलंड अशा सहली आपल्या वस्त्यांतून निघू लागल्या आहेत. हिवाळ्यात गयेच्या विमानतळावर थायलंड, म्यानमार, भूतानहून यात्रेकरूंची विमाने येतात. कुशीनगरचा विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला तेव्हा पहिले विमान कोलंबोहून भिक्खूंना घेऊन आले होते. ही खरीखुरी विशेष विमाने. पण आपल्याकडच्या पत्रकात 'स्पेशल विमान' छापलेले असते तेव्हा बहुधा नेहमीच्या विमानातल्या वीस-तीस जागा घेतलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त शब्दाला भुलू नये. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला 'मुंबई ते गया थेट' असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांना कोलकात्याला उतरवले आणि म्हातारीसह सात तास बाकावर बसवले. आयोजकाचे उत्तर: "विमान बदलले, आमचा काय दोष?"

म्हणून पैसे देताना पावतीवर विमान कंपनीचे नाव, क्रमांक आणि थांबे लिहून घ्यावेत. तिकीट निघाले म्हणतात तर पीएनआर मागावा आणि तो विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर किंवा फोनवर तपासावा. तुमचे नाव तिथे दिसले तर तिकीट आहे, आयोजकाच्या मोबाइलवरचे चित्र म्हणजे तिकीट नव्हे. खरोखरच अख्खे विमान ठरवले असेल, तर त्या कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी महासंचालनालय जाहीर करते. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कंपनी मोठी म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. ब्रिटनची मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ला एका रात्रीत बंद पडली. २३ सप्टेंबर २०१९ला थॉमस कुक बुडाली तेव्हा दीड लाखाहून जास्त ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. आपल्याकडची त्याच नावाची कंपनी वेगळी, ती चालू राहिली. त्या पर्यटकांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले, कारण तिकडे सहलीच्या पैशाला संरक्षण देणारी योजना १९७० च्या दशकापासून आहे. आपल्याकडे तशी सोय नाही, पावती हीच आपली ढाल.

तर अशी सगळी तयारी करून मी आणि मामा थिवीला उतरलो आणि रात्री म्हापशाला एका साध्या लॉजमध्ये राहिलो. मामींचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते, त्या डहाणूलाच राहिल्या. पण शेजारच्या मुलाकडून त्यांनी ठिपका बघायला शिकून घेतले होते. रात्री साडेअकराला त्यांचाच फोन आला. "सुटले बरं का विमान." मध्यरात्रीनंतर युरोप, पहाटे तुर्कस्तान. त्या झोपल्याच नसाव्यात.

सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही मोपाच्या वाटेवर असताना पुन्हा फोन. आवाज कापत होता. "अरे, विमान समुद्रावर आले आणि दिसेनासे झाले! यांना काही सांगू नकोस."

यांनी शेजारी बसून सगळे ऐकलेच होते.

मी म्हणालो, "मामी, समुद्रात ऐकणारे यंत्र नसते. किनाऱ्यापासून तीनचारशे किलोमीटरपर्यंतच त्याला ऐकू येते. ओमानचा किनारा सुटला, आपला अजून आलेला नाही. मधला पट्टा मुका आहे. तासाभरात दिसेल." हे मी वाचलेले होते, आणि गेल्या आठवड्याच्या रेषेतही तेवढाच तुटका भाग पाहिला होता. तरीही बोलताना माझा घसा कोरडा पडला. मामांनी खिशातला कागद काढून त्यावरचा क्रमांक पुन्हा वाचला आणि घडी घालून ठेवला. ते पूर्ण तासभर काही बोलले नाहीत.

साडेआठच्या सुमारास मामींनी फक्त मिस्ड कॉल दिला. मी मोबाइल उघडला. ठिपका गोव्याच्या पश्चिमेला पुन्हा उमटला होता.

बाहेर यायला त्यांना आणखी दीड तास लागला. ताई आधी दिसली, तिच्यामागे सामानाच्या गाडीवर बसलेला धाकटा. तो आजोबांना पाहून आधी लाजला, मग मोडक्या मराठीत सांगू लागला, "आजोबा, खिडकीला झाकण नव्हते. बटण दाबले की काच काळी होते!"

ड्रीमलायनरच्या खिडक्या तशाच असतात, हे मामांनी पंधरा दिवसांपूर्वीच वाचून ठेवले होते. नातवाला कडेवर घेत ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "विमान बदलले नाही रे. मामीला कळव."